चार्टइंक : मोमेंटमचा फॉर्म्युला स्वतः लिहायचा असेल तर हे घ्या

खान्देशात शेअरचा विषय निघाला की विप्रोचं नाव येतंच. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले अन् काही घरांनी ते पिढ्यान् पिढ्या विकलेच नाहीत, म्हणून आमच्याकडे अजूनही शेअर म्हणजे घ्यायचा अन् कपाटात ठेवून द्यायचा असंच गणित आहे. ते चुकीचं नाही, ज्यांनी ठेवले त्यांचं सोनं झालं. पण आता जळगाव-भुसावळची पोरं मोबाईलवर डिमॅट उघडून तीन-चार महिन्यांचा ट्रेंड पकडायला बघतात, अन् तिथं बहुतेकांचं काम कुठल्या तरी टेलिग्राम ग्रुपच्या टिपांवरच चालून राहिलं. काय भो, आज कोणता घेऊ, हाच प्रश्न. त्यांच्यासाठी हा चार्टइंकचा रिव्ह्यू. चार्टइंक म्हणजे स्क्रीनर, आपण लिहिलेल्या अटींत बसणारे शेअर गाळून देणारी वेबसाइट. ती वापरायला लागलं की कोणता घेऊ हे दुसऱ्याला विचारायच्या आधी आपल्याला नेमकं काय पाहिजे ते लिहून द्यावं लागतं.

साइट दिसायला साधीच आहे. स्कॅन, म्हणजे अटींची यादी, उघडलं की वर कोणत्या शेअरमध्ये शोधायचं ते सेगमेंट निवडायचं, अख्खं कॅश मार्केट घ्या नाहीतर निफ्टी ५०० घ्या, अन् खाली एकेक अट जोडत जायची. कोडिंग येत नसलं तरी अडत नाही, आरएसआय (भावाचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा इंडिकेटर, म्हणजे भावावरून काढलेला आकडा) टाइप केलं की पर्याय येतो, पुढे मोठं-लहान निवडा, आकडा टाका, झालं. फ्री व्हर्जनमध्ये डेटा थोडा उशिरा येतो, इंट्राडेवाल्याला, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्याला, ते चालणार नाही, त्याला पैसे भरूनच घ्यावं लागेल. पण दुकान, नोकरी, शेती सांभाळून साडेतीनला मार्केट बंद झाल्यावर संध्याकाळी निवांत स्कॅन लावणाऱ्याला फ्री भरपूर आहे, त्याने उगाच प्लॅन घेऊ नये.

आता खरी गंमत फॉर्म्युल्यात आहे. ट्रेंड अन् मोमेंटम या दोन गोष्टी लोक एकच समजतात. ट्रेंड म्हणजे भाव कोणत्या बाजूला चाललाय, मोमेंटम म्हणजे किती जोरात चाललाय. ट्रेंडसाठी मी तीन ओळी लिहितो : क्लोज (दिवसाचा बंद भाव) ५० दिवसांच्या एसएमएच्या (तेवढ्या दिवसांच्या सरासरी भावाच्या रेषेच्या) वर, ५० चा एसएमए २०० च्या एसएमएच्या वर, अन् आजचा २०० चा एसएमए २० दिवसांपूर्वीच्या २०० च्या एसएमएपेक्षा मोठा. ही तिसरी ओळ बरेच जण लिहीतच नाहीत, पण तीच महत्त्वाची, कारण भाव २०० च्या वर असला तरी ती लाइन स्वतः खाली वाकलेली असेल तर तो ट्रेंड नाही, पडत्या शेअरमधली उसळी असू शकते.

मोमेंटमसाठी सगळ्यांचा हात आधी आरएसआयकडे जातो. वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये तो मांडला, तेव्हापासून १४ चा पिरियड अन् ७०-३० च्या रेषा पाठ झाल्यात, ७० च्या वर गेला की महाग, विका. मोमेंटमच्या फॉर्म्युल्यात हे उलटं धरावं लागतं. जोरदार चालणारा शेअर आठवडेच्या आठवडे ६०-७० च्या वर राहतो, म्हणून मी वीकली आरएसआय ६० पेक्षा जास्त अशी अट टाकतो. इथं एक बारकावा बघा, चार्टइंकमध्ये नुसतं वीकली लिहिलं की चालू आठवडा धरला जातो, जो शुक्रवारपर्यंत पूर्ण झालेलाच नसतो, त्यामुळे मंगळवारी लिस्टमध्ये असलेला शेअर गुरुवारी गायब होतो अन् लोक म्हणतात साइट चुकीचं दाखवते. साइट बरोबर आहे, पक्का आकडा पाहिजे तर वन वीक अगो, म्हणजे मागचा पूर्ण झालेला आठवडा, निवडायचं.

तसाच गोंधळ ग्रेटर दॅन अन् क्रॉस्ड अबव्ह या दोन पर्यायांचा. पहिल्यात आज वर असलेले सगळे येतात, दुसऱ्यात काल खाली होते अन् आज वर आले तेवढेच. एका स्कॅनमध्ये तीन-तीन क्रॉस्ड अबव्ह टाकले की निकाल बहुतेक वेळा रिकामाच येतो, कारण तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडायला पाहिजेत. एखादंच क्रॉस ठेवा, बाकीच्या अटी ग्रेटर दॅनमध्ये लिहा.

अन् सगळ्यात जास्त घोळ होतो तो ५२ आठवड्यांच्या हायचा, म्हणजे वर्षभरातल्या सगळ्यात वरच्या भावाचा. वर्षभराचं हाय तोडणारे शेअर पाहिजेत म्हणून लोक लिहितात, क्लोज मोठा मॅक्स २५२ हाय पेक्षा, म्हणजे वर्षातल्या साधारण २५२ मार्केट-दिवसांतल्या सगळ्यात मोठ्या हायपेक्षा. निकाल कायम शून्य. का? तर त्या २५२ दिवसांत आजचा दिवसही धरलेला असतो, अन् आजचा क्लोज आजच्या हायच्या वर कधी जाऊच शकत नाही. मॅक्सच्या आधी वन डे अगो लावलं की लगेच नावं यायला लागतात. ब्रेकआउट, म्हणजे हाय तोडणं, नको, नुसतं हायच्या आसपास असलेलं पाहिजे तर क्लोज मोठा किंवा समान मॅक्स गुणिले ०.८५ लिहा, म्हणजे हायपासून १५ टक्क्यांच्या आत असलेले येतील. केळीच्या मालात जसं आधी एक्स्पोर्टचा माल बाजूला काढतात अन् भावाचं नंतर बोलतात, तसं ही अट आधी मजबूत माल बाजूला काढते.

इंडिकेटर नको असेल तर सरळ रिटर्न लिहिता येतो, मला तर हेच जास्त आवडतं. आजचा क्लोज मोठा १२६ दिवसांपूर्वीचा क्लोज गुणिले १.२५, म्हणजे साधारण सहा महिन्यांत २५ टक्के वर. एनएसईचा निफ्टी २०० मोमेंटम ३० इंडेक्स सहा अन् बारा महिन्यांच्या रिटर्नवरच बनतो, फक्त तिथं शेअर किती हेलकावे खातो तेही धरतात अन् वरचे तीस निवडतात. स्क्रीनरची अट हो किंवा नाही एवढंच सांगते, पहिला कोण दुसरा कोण ते नाही, हा फरक डोक्यात ठेवा. पन्नास नावं आली तर क्रम तुम्हालाच लावायचाय.

एडीएक्स या इंडिकेटरबद्दल एवढंच, की तो २५ च्या वर असणं म्हणजे ट्रेंडमध्ये जोर आहे, वर की खाली ते तो सांगत नाही. नुसता एडीएक्स टाकला तर जोरात पडणारे शेअरही लिस्टमध्ये येतील, सोबत प्लस डीआय (वरचा जोर) मोठा मायनस डीआय (खालचा जोर) पेक्षा ही ओळ पाहिजेच. सुपरट्रेंड, म्हणजे ट्रेंडची दिशा दाखवणारी रेषा, ठीक आहे. आरएसआय अन् त्याच्यासारखेच मोमेंटम मोजणारे एमएसीडी, स्टोकॅस्टिक असे तिन्ही एकत्र टाकून तिहेरी खात्री झाली असं मात्र मानू नका, तिन्ही त्याच भावातून निघतात. त्यापेक्षा व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात किती शेअरची उलाढाल झाली ते टाका, आजचा व्हॉल्यूम २० दिवसांच्या सरासरीच्या दीडपट. अन् २० दिवसांचा सरासरी व्हॉल्यूम गुणिले क्लोज ५ कोटींच्या वर, ही ओळ कधीच काढू नका. ती नसली तर रोज वरच्या सर्किटला (एका दिवसात भाव जास्तीत जास्त जिथपर्यंत जाऊ शकतो त्या मर्यादेला) लागणारे बारके शेअर यादीत पहिले दिसतात, आरएसआय ९०, सगळं हिरवंगार, अन् ज्या दिवशी खालचं सर्किट लागतं त्या दिवशी विकायला घेणारा कोणी नसतो. माणसांची आयुष्यभराची बचत अशा शेअरमध्ये अडकते, म्हणून इतकं कळवळून सांगतोय.

स्कॅनच्या खाली जो बॅकटेस्टचा, म्हणजे मागच्या दिवसांचा, ग्राफ येतो त्यात कोणत्या दिवशी किती शेअर अटीत बसले ते दिसतं. नफा किती झाला असता याच्याशी त्याचा संबंध नाही. पण दुसरा उपयोग मोठा आहे, कुठल्या तरी दिवशी शंभर नावं अन् कुठल्या दिवशी दोन, यावरून मार्केटचा मूड कळतो. दोन-तीनच नावं यायला लागली की मी नवीन खरेदी थांबवतो. अन् हो, हे सगळं डिलिव्हरीसाठी, म्हणजे शेअर घेऊन डिमॅटमध्ये ठेवण्यासाठी सांगतोय, ऑप्शनसाठी नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलंय की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स अन् ऑप्शन) करणारे ९३ टक्के साधे ट्रेडर तोट्यात होते, तिथं कुठलाच स्क्रीनर वाचवणार नाही.

दुसऱ्यांनी बनवलेले स्कॅन तिथं ढिगाने सापडतात, मोठमोठ्या नावांचे. ते उघडून एकेक अट वाचायला चांगले, शिकायला मिळतं, पण जी ओळ समजली नाही ती आपल्या स्कॅनमध्ये ठेवू नका.

पाचपैकी साडेचार स्टार देईन. सुरुवात करणार असाल तर खरेदीच्या स्कॅनसोबत त्याच संध्याकाळी विक्रीचाही एक स्कॅन लिहून सेव्ह करा, क्लोज क्रॉस्ड बिलो ५० चा एसएमए एवढी एकच ओळ पुरे, अन् रोज तो आधी उघडायचा, खरेदीचा नंतर.