ऑफ-रोड बंक कॅरव्हान, मध्य ऑस्ट्रेलिया फिरल्यावर: बाकी उत्तम, धूळ सोडून

२१ फुटी, गाडीमागे ओढायची, मुलांसाठी बंक (एकावर एक पलंग) असलेली, 'फुल ऑफ-रोड' म्हणून विकली गेलेली व्हॅन. स्पेक सगळीकडे मिळतात, ते पुन्हा लिहीत नाही. ॲडलेडहून स्टुअर्ट हायवेने कूबर पेडी, उलुरू, किंग्स कॅन्यन, मेरिनी लूप या रस्त्याने ॲलिस स्प्रिंग्स आणि परतीला मार्ला ते मारी हा ऊडनाडाटा ट्रॅकचा कच्चा रस्ता, एवढं चालवून झालं आहे. लिहायला निमित्त डीलरच्या सर्व्हिस विभागाचं उत्तर: "आउटबॅकमध्ये धूळ आत येणारच, हा दोष धरता येत नाही." हे मला अजिबात मान्य नाही.

आधी बाकीचं उरकतो. इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि डीओ३५ हिच (गाडीला व्हॅन जोडायचा सांधा), दोन्हींबद्दल तक्रार नाही. हिचला ग्रीस मात्र लावू नका, धूळ चिकटून घट्ट लगदा होतो. डांबरावर टायर ५० पीएसआय, खडबडीत कच्च्या रस्त्यावर ३५ आणि वेग ६० च्या आसपास. डांबर लागलं की आधी हवा भरायची, मग वेग वाढवायचा. समोरचा वारा असला की डिझेल १०० किलोमीटरला १८ लिटरच्या वर जातं. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी सुमारे २५० किलोमीटर पंप नाही, तेव्हा हिशोब ग्लेनडॅम्बोलाच करा. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि छतावरचं सोलर एवढ्यावर कॉम्प्रेसर फ्रिज हिवाळ्यात सहज चालतो, त्यामुळे उलुरूजवळच्या युलारा गावातल्या कॅम्पग्राउंडवर वीज नसलेली स्वस्त जागा घेता येते. उलुरूच्या पार्कात मुक्काम करता येत नाही, कॅरव्हान युलारालाच ठेवायची. तिथून काटा त्जुटाचे खडक सुमारे ५० किलोमीटर, नुसती गाडी घेऊन जायचं.

आता धूळ. मेरिनीच्या कच्च्या पट्ट्यानंतर खालच्या बंकच्या उशीवर बोट फिरवलं तर रेघ उमटत होती. भांड्यांच्या ड्रॉवरच्या रुळांत तांबडी पूड, शॉवरच्या तळाशी जाळीभोवती तांबडं वर्तुळ, झाकण घट्ट लावलेल्या कणकेच्या डब्याच्या कडेलाही तीच. खिडक्या मात्र स्वच्छ. धूळ खालून येते, याचा हा पुरावा.

कारण सरळ आहे. व्हॅन धावते तेव्हा छतावरच्या आणि बाजूच्या झडपांमधून हवा बाहेर खेचली जाते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. ती तूट भरायला फरशीतल्या प्रत्येक भोकातून हवा आत शिरते, आणि फरशीखाली चाकांनी उडवलेला धुरळा असतो. दाराचं सील कितीही चांगलं असलं तरी हे थांबत नाही.

म्हणूनच छतावर पुढे तोंड करून बसवायच्या प्रेशर हॅचबद्दल माझं मत आता पहिल्यापेक्षा बरंच चांगलं आहे. सुरुवातीला हे महागडं खेळणं वाटत होतं. ती वरची, त्यातल्या त्यात स्वच्छ हवा गाळून आत ढकलते आणि आतला दाब वाढवते. पण अटी आहेत: बाकीच्या सगळ्या हॅच (छतावरच्या झडपा) पूर्ण बंद, खिडक्यांची कडी फट ठेवणाऱ्या खाचेवर नव्हे, तर पूर्ण बंद होणाऱ्या शेवटच्या खाचेवर, रेंजहूडची (स्टोव्हवरच्या धुराच्या पंख्याची) बाहेरची झडप कुलूपबंद. एक जरी उघडी राहिली तर दाब टिकत नाही. वेग कमी झाला की परिणामही कमी होतो, म्हणून नुसत्या हॅचवर विसंबून भागत नाही. दुसऱ्या गाडीच्या मागे चिकटून गेलात तर तिचा धुरळा छतापर्यंत पोचतो आणि फिल्टर बुजतो. थांबल्यावर मागचा लोट पुढे निघून जाईपर्यंत दार उघडायचं नाही.

भोकं शोधायची पद्धत: रात्री आत प्रखर दिवे लावा, पडदे ओढा, आणि बाहेरून फरशीखाली, चाकांच्या कमानीत, पुढच्या बूटमध्ये (सामानाच्या कप्प्यात) बघा. उजेड दिसला तिथे धूळ शिरणार. आमच्या व्हॅनमध्ये सिंकच्या पाइपाभोवती अंगठा जाईल एवढी फट होती, वायरिंगच्या जुडग्याभोवती तशीच दुसरी, आणि पुढच्या बूटमधून पलंगाखाली जाणारा अख्खा कोपरा उघडा. मोठ्या फटीत आधी बंद पेशींचा फोम, वर पॉलियुरेथेन सीलंट. दारासाठी कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची. अलगद निघाली तर तिथे सील दाबलं जात नाही, कडीचा खटका थोडा आत सरकवा. सिंक आणि शॉवरला प्रवासात बूच लावाच, सांडपाण्याचा पाइप खाली उघडा असतो आणि धूळ त्यातून वर चढते. टॉयलेट कॅसेटच्या (बाहेरून काढायच्या मैल्याच्या टाकीच्या) दाराचं सीलही तपासा. या सगळ्याला सुमारे ६० डॉलर आणि एक रविवार लागला. डीलरने याच कामाचा जो आकडा सांगितला, त्यात चारही टायर नवीन आले असते.

दाराच्या खालच्या बाजूला असलेल्या गॅसच्या झरोक्यांना मात्र सीलंट लावू नका. गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खालून निघून जावा म्हणून ते ठेवलेले असतात, आणि स्टोव्ह पेटला असताना ताजी हवा मिळण्यासाठीही ते लागतात. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त चालत्या प्रवासापुरतं वरून झाकण लावायचं आणि स्टोव्ह पेटवण्याआधी आठवणीने काढायचं. आम्ही त्या झाकणाला लाल फीत बांधून ती स्टोव्हच्या नॉबला अडकवतो, म्हणजे विसरता येतच नाही.

वॉरंटीबद्दल: डीलरने दाराचं सील बदलून दिलं, फरशीतल्या भोकांना "सामान्य बांधणी" म्हटलं. ऑस्ट्रेलियन कन्झ्युमर लॉप्रमाणे वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाला योग्य असावी लागते, आणि ही हमी कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी आहे. जाहिरातीत कच्च्या रस्त्यावरचा फोटो आणि 'ऑफ-रोड' शब्द असेल तर ते पान जपून ठेवा. तक्रार लेखी करा, भोकांचे फोटो मोजपट्टी धरून काढा. माझी तक्रार अजून मिटलेली नाही.

सीलिंगनंतर ऊडनाडाटा ट्रॅकवर बंक स्वच्छ राहिले, ड्रॉवरच्या रुळांत थोडीशी पूड आली. तिथे बुलडस्टचे खड्डे आहेत, पिठापेक्षा बारीक माती, त्या मानाने हे चालण्यासारखं आहे. हीच व्हॅन पुन्हा घेईन, पण ताबा संध्याकाळी घेईन: अंधार पडल्यावर, आत दिवे लावून, स्वतः खाली वाकून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही.