घोड्याच्या छातीवर खिशातला ईसीजी: आलेख घ्या, ॲपचं निदान सोडा

अलाइव्हकोर कंपनीचं कार्डिआमोबाइल माणसांसाठी बनलेलं आहे. दोन बोटांएवढी पट्टी, वर स्टीलचे दोन चौकोन (इलेक्ट्रोड), आत सीआर२०१६ चा बटण-सेल. घोड्यांचे डॉक्टर आणि पागावाले तेच घोड्याच्या छातीला लावून बघतात, म्हणून हे परीक्षण फक्त त्या वापरापुरतं. आधीच सांगून टाकतो: यंत्र आलेख चांगला देतं, पण आलेखासोबत ॲप जी निदानाची ओळ दाखवतं ती घोड्याच्या बाबतीत वाचूच नये.

ॲपच्या हिशेबात मिनिटाला ५० ते १०० ठोके म्हणजे नॉर्मल. निवांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ पडतात, त्यामुळे ठणठणीत घोडाही या ॲपच्या चौकटीत बसत नाही. याहून फसवी गोष्ट वेगळीच आहे. घोड्याची टी लहर (ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाची) बरेचदा मोठी आणि टोकदार असते, आणि मोजणी तिलाही ठोका समजते. मग ३६ चे ७२ होतात, आणि ७२ माणसाच्या नॉर्मलमध्ये चपखल बसतात! स्क्रीनवर सगळं आलबेल, आकडा मात्र साफ चूक. म्हणून ३० सेकंदांच्या आलेखातले क्यूआरएस (प्रत्येक ठोक्याची मुख्य लहर) स्वतः मोजा आणि दुप्पट करा. २५ मिमी प्रतिसेकंद वेगाला ३६ ठोक्यांच्या घोड्याचे दोन क्यूआरएस जवळजवळ ४२ मिमी, म्हणजे आलेखाच्या कागदावरच्या आठाहून थोड्या जास्त मोठ्या चौकोनांइतके लांब पडतात. सोबत स्टेथोस्कोप लावला असेल तर शंकाच उरत नाही.

जागा डावी बाजू, कोपराच्या लगेच मागे, जिथे तळहाताला ठोका लागतो तिथे. डावा पाय अर्धं पाऊल पुढे घेतला की जागा मोकळी होते. पट्टी उभी धरायची, एक चौकोन वर, एक खाली. उलटी धरली तर आलेखही उलटा येतो, तो ॲपमध्ये पलटवता येतो. आधी खरारा, मग ७० टक्के स्पिरिट. ते वरून शिंपडून भागत नाही, केस बाजूला करून कातडी भिजली पाहिजे. जखमेवर किंवा सोललेल्या जागी अर्थातच नाही. जेल वापरायचं तर प्रत्येक चौकोनाखाली वेगळं, वाटाण्याएवढं. मधे पसरून दोन्ही थेंब एक झाले की इलेक्ट्रोड आपसात जोडले जातात आणि रेघ सपाटीला येते. धरणाऱ्याची बोटं स्टीलला लागू द्यायची नाहीत, नाहीतर माणसाचे विद्युत संकेतही त्यात मिसळतात. प्लॅस्टिकच्या कडेने धरा किंवा हातमोजे घाला.

एक-लीडचं, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारं, मूळ मॉडेल फोनशी ब्लूटूथने बोलत नाही, तर कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाने बोलतं, आणि फोनचा माइक तो आवाज पकडतो. त्यामुळे फोन पट्टीच्या वीतभर अंतरात हवा आणि कव्हरने माइक झाकलेला नको. सहा-लीडच्या मॉडेलला ब्लूटूथ आहे, ही कटकट नाही. पण त्याचा मागचा तिसरा इलेक्ट्रोड माणसाच्या पायाला टेकवायचा असतो. घोड्यावर एक-लीडच्याच मोडमध्ये चालवावं लागतं.

आलेख बिघडवण्याचं काम बहुतेक वेळा घोडाच करतो. माशी बसली की कातडी थरथरते आणि आलेखात बारीक काटेरी खोट्या रेघा उमटतात. तोंडात चारा असेल तर चावण्याचे धक्के येतात. श्वासाबरोबर रेघ वरखाली झुलते, ती मात्र खुशाल झुलू द्या. दहा मिनिटं शांत उभा राहिल्यावरच आलेख घ्या.

यंत्राची खरी किंमत कळते ती अनियमित ठोक्यांच्या वेळी. कसदार घोड्यात विश्रांतीत मधेच एखादा ठोका गळतो: पी लहर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची) येते, क्यूआरएस येत नाही. हा दुसऱ्या दर्जाचा एव्ही ब्लॉक, म्हणजे वरच्या कप्प्यांतला संकेत अधूनमधून खाली पोचत नाही. हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर जास्त असल्यामुळे तो होतो, आणि घोडा चार पावलं दुडकवला की बहुतेकदा नाहीसा होतो. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये (वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात) पी लहरच नसते, पायारेषा बारीक लहरत राहते आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराला कसलाच ताल नसतो. हे दुडकवून जात नाही. पण पी लहर दिसली नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. जागा थोडी वर सरकवून निदान तीन आलेख घ्या, कारण लहान पी लहर खोट्या रेघांत सहज बुडते. आणि पी लहरीला दोन शिंगं दिसली तर घाबरू नका, घोड्यात ते नॉर्मलच.

हृदय मोठं झालंय का, हे यावरून विचारायचं नाही, आणि हा दोष या पट्टीचा नाही. घोड्यात पर्किंजे तंतू (ठोक्याचा विद्युत संकेत पसरवणारे) जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, भिंतीत खोलवर शिरलेले असतात, त्यामुळे क्यूआरएसच्या उंचीवरून आकार ठरत नाही, अगदी दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रावरही. झडपांसाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि दिवसभराच्या तालासाठी होल्टर (अंगावर बांधून ठेवायचा ईसीजी) लागतोच.

धावत्या घोड्यावर ही पट्टी कुचकामी. तिथे पोलरसारखा छातीचा पट्टा बरा, तंगाखाली आणि खोगिराखाली नीट ओलावलेला. पण तो फक्त ठोक्यांमधली अंतरं देतो, लहर दाखवत नाही. अंतरं विस्कटलेली दिसली तर कारण शोधायला पुन्हा ईसीजीच.

घ्यावं का? डॉक्टर तासाभरात पोचत नसेल, तर नक्की घ्यावं. काही घोड्यांत फिब्रिलेशन मेहनतीनंतर सुरू होतं आणि २४ ते ४८ तासांत आपोआप थांबतं. दुसऱ्या दिवशी मोठं यंत्र येतं तेव्हा ताल जाग्यावर आलेला असतो आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून घोडा अचानक मागे पडला किंवा धाप थांबेना, तर खोगीर उतरवून तिथेच आलेख घ्या, डॉक्टर बघेपर्यंत स्वारी बंद. पीडीएफ पाठवताना वेळ, मेहनत थांबून किती मिनिटं झाली, पट्टी कुठे लावली आणि स्टेथोस्कोपने मोजलेले ठोके, एवढं सोबत लिहा.