चार दांड्यांचा क्लिपवाला ग्रो लाइट: मनी प्लांटला पुरतो, तुळशीला नाही

घरातल्या झाडांना उजेड द्यायच्या या दिव्याच्या खोक्यावर 80 वॅट छापलेलं असतं आणि तो चालतो मोबाइलच्या यूएसबी चार्जरवर. 5 व्होल्ट, 2 अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त 10 वॅट. उरलेले 70 वॅट खोक्यावरच राहतात.

त्या 10 वॅटमध्ये काय होतं? चारही दांडे फूटभर लांबरुंद जागेवर वळवून पानांपासून 15 सेंटिमीटरवर धरले, तर इकडेतिकडे सांडलेला उजेड सोडून अंदाजे 80 मायक्रोमोल तीव्रता मिळते (म्हणजे दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडणारा, झाडाच्या कामाचा उजेड). तीव्रता गुणिले तास गुणिले 0.0036 केलं की दिवसाचा एकूण उजेड मोलमध्ये निघतो. 12 तासांचे साडेतीन मोल. मनी प्लांट, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट यांना 2 ते 4 मोल पुरतात, त्यांच्यासाठी दिवा चोख. तुळशीला मात्र 12 तरी हवेत. तेवढे भरायला हा दिवा रोज 40हून जास्त तास लावावा लागेल!

तास वाढवायचेच तर 16च्या पुढे नको. शेवंती आणि कलांचो तर या दिव्याजवळ ठेवूच नका. कळी धरायला त्यांना सलग 14 तासांच्या आसपास अंधार लागतो. संध्याकाळी दिवा लागला की पानं भरगच्च येतात, फूल येत नाही.

सगळ्यात वैताग टायमरचा. 4-8-12 तासांचं चक्र बटण दाबल्या क्षणापासून मोजलं जातं. वीज गेली की बऱ्याच दिव्यांची ही आठवण पुसते आणि परत आल्यावर दिवा बंदच राहतो. भिंतीवरचा प्लग टायमर (ठरल्या वेळी वीज चालू-बंद करणारा) लावूनही उपयोग नाही, कारण दिवा पुन्हा बटणाचीच वाट बघतो. इन्व्हर्टरचा सॉकेट असेल तर तिथे लावा.

दांडे हळूहळू वाकतात, आठवड्याला पट्टीने अंतर मोजा. पेरांमधलं अंतर वाढून रोप लांबुडकं झालं तर उजेड कमी पडतोय. दिव्याखालचीच पानं फिकट पडली तर 5 सेंटिमीटर वर घ्या. जांभळ्या उजेडाचा प्रकार घेऊच नका, त्यात पान पिवळं पडलेलं दिसतच नाही.

भाजीची रोपं करायची असतील तर साधे 20 वॅटचे, 6500 केल्विनचे (पांढऱ्याशुभ्र उजेडाचे) दोन एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखे लांब दिवे, 10 सेंटिमीटर अंतराने शेजारी बसवून 15 सेंटिमीटर उंचीवर टांगा. 16 तासांत साधारण 7 ते 8 मोल होतात. मेथी आणि मिरचीची लहान रोपं त्यावर तगतात. बॅटनला बटण नसल्यामुळे प्लग टायमरही चालतो. फक्त वीज गेली की तेवढा वेळ तो मागे पडतो, चकती फिरवून घ्यावी लागते. तुळस तेव्हाही खिडकीतच.