चौदा महिने तेल आणि बायोडिझेलवर: इंजिनापेक्षा ड्रमाकडेच जास्त लक्ष द्यावं लागलं

गाडी जुनी आहे हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टर्बो नाही, कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने इंधन फवारणारी नवी पद्धत) नाही, सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर नाही. इंधन आधी छोट्या प्री-चेंबरमध्ये उडतं आणि तिथून सिलिंडरमध्ये जातं. पंप जुन्या धाटणीचा लाइन पंप, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्लंजर असलेला. गेल्या चौदा महिन्यांत ही गाडी साधारण १९,००० किलोमीटर चालली. पहिले अडीच महिने डिझेलमध्ये तळणाचं वापरलेलं तेल तसंच मिसळून, नंतरचे सगळे घरी बनवलेल्या बायोडिझेलवर, म्हणजे त्याच तेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेल्या पातळ इंधनावर (थंडीत तेही डिझेलमध्ये मिसळून).

साध्या तेलाचा भाग लवकर आटोपते, कारण तो माझ्यासाठी फसला. उन्हाळा होता, गाळलेलं वापरलेलं तेल टाकीत तीस टक्के घालत होते, गाडी छान पळत होती. मग सकाळी सेल्फ दोन-दोन वेळा मारावा लागू लागला. चालू झाल्यावर मिनिटभर पांढरा धूर येई, इंजिन थडथडे. मेकॅनिक दादांनी नोझल, म्हणजे इंधन फवारणारी टोकं, काढून टेस्टरवर लावले आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हे बघा. फवारा पडायला पाहिजे, इथे धार पडतेय." टोकाशी काजळीचा कडक थर जमला होता, नखाने निघत नव्हता.

कारण घट्टपणात आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा घट्टपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक्सच्या आसपास असतो, वनस्पती तेलाचा ३० ते ४०. नोझलचं भोक डिझेलसाठी कोरलेलं असतं. दाट तेलाचे थेंब मोठे पडतात, पूर्ण जळत नाहीत. अर्धवट जळलेलं नोझलवर आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत बसतं, आणि थोडं रिंगांशेजारून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. शुद्ध तेलावर गाडी चालवणारे म्हणूनच दोन टाक्या बसवतात. चालू करायचं डिझेलवर, रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापलं की तेलाच्या टाकीवर जायचं, आणि बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर आणून नळ्या धुऊन काढायच्या. पद्धत पक्की आहे, पण लांब पल्ला रोज असेल तरच. माझी एक फेरी आठ-दहा किलोमीटरची. तेल तापेपर्यंत मी पोचलेली असते.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, हे मला या काळात खूप जणांनी ऐकवलं. गोष्ट खरी आहे, पण ते त्या काळचं संथ, अवजड इंजिन होतं आणि त्याच्या आधाराने आजच्या गाडीत तेल ओतायचा निर्णय घेऊ नये. माझ्या कामाचा पूर्वज दुसराच निघाला. १९३७ साली ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांनी पामतेलापासून एथिल एस्टर (तेल आणि अल्कोहोल यांच्यापासून होणारं पातळ रसायन) करून ते इंधन म्हणून वापरण्याचं बेल्जियन पेटंट घेतलं, आणि पुढच्या वर्षी ब्रुसेल्स ते लुव्हॅं या मार्गावर त्या इंधनावर बस धावली. इंजिनाला तेलाजोगं करण्यापेक्षा तेलालाच इंजिनाजोगं करायचं, हा विचार मला पटला.

तेलाचा रेणू म्हणजे एका ग्लिसरीनला जोडलेली तीन मेदाम्लं. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा यांच्या मदतीने ती तिन्ही सोडवून मिथेनॉलला जोडली की एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, तयार होतं आणि घट्टपणा आठ-दहा पटींनी उतरतो. ईएन १४२१४ या युरोपीय मानकात तो ३.५ ते ५ हवा, म्हणजे डिझेलच्या शेजारीच. लिहायला हे दोन ओळींत झालं. हातात यायला मला चार महिने लागले.

मी एका घाण्याला शेवटी चाळीस लिटर उरेल इतकं तेल घेते. ते आठवडाभर उभं ठेवते आणि तळाचं चार-पाच लिटर वेगळं काढते, कारण पाणी आणि कण तिथेच बसतात. मग तापवून वाळवते. वाळलं का, हे कळायला गरम तव्यावर थेंब टाकायचा. तडतडला तर पाणी अजून आहे. त्यानंतर टायट्रेशन, म्हणजे तेलात आम्ल किती हे मोजणं: १० मिलि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिलि तेल, दोन थेंब फिनॉल्फ्थेलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा द्रव), आणि लिटरला एक ग्रॅम सोडा घातलेलं पाणी थेंबाथेंबाने. गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलि लागतील, तितके ग्रॅम सोडा दर लिटर तेलाला जास्तीचा. मूळ प्रमाण मी साडेतीन ग्रॅमचं धरते. म्हणजे दोन मिलि लागले तर लिटरला साडेपाच ग्रॅम. मिथेनॉल तेलाच्या पाचव्या हिश्शाइतकं, चाळीस लिटरला आठ. तेल ५५ अंशांवर धरून तासभर ढवळायचं. त्याहून फार वर न्यायचं नाही, मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं.

तिसऱ्या घाण्याला मी वाळवण्यात घाई केली. तवा-चाचणी केलीच नाही. सकाळी झाकण उघडलं तर अख्ख्या ड्रमात फिकट, थुलथुलीत साबण. चाळीस लिटर तेल, आठ लिटर मिथेनॉल, सगळं गेलं. पाणी असलं की सोडा एस्टर करायचं सोडून साबण करतो, हे मी वाचलेलं होतं. त्या दिवसापासून तवा चुकला नाही.

मिथेनॉलबद्दल थांबून लिहिते. ते विष आहे. पोटात गेलं तर थोडंसंही डोळे घालवू शकतं, कातडीतून आत जातं, वाफही वाईट. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, म्हणजे पेटलंय हे हात भाजल्यावर कळतं. मी हे काम घराच्या आत कधीच करत नाही. उघड्यावर, बंद ड्रमात, हातभर लांब हातमोजे आणि चष्मा घालून, आणि तेल तापवताना उघडी आग अजिबात नाही, विजेचं हीटर. सोडा मिथेनॉलमध्ये विरघळतो तेव्हा मिश्रण स्वतःच तापतं, त्यामुळे थोडाथोडाच घालायचा. घरात लहान मूल असेल आणि कुलूप लावता येईल अशी वेगळी जागा नसेल, तर हे घरी करू नका. तयार, प्रमाणित बायोडिझेल मिळत असेल तर तेच घ्या.

रात्रभरात तळाशी ग्लिसरीन बसतं, गडद तपकिरी, मधासारखं दाट. त्यात मिथेनॉल आणि सोडा अडकलेला असतो, म्हणून ते गटारात ओतायचं नाही. मी वेगळ्या डब्यात साठवून कचरा-प्रक्रिया करणाऱ्यांना देते. वरचा थर मग पाण्याच्या बारीक फवाऱ्याने धुते. पहिलं पाणी दुधासारखं येतं, चौथं स्वच्छ. त्यानंतर हवा सोडून वाळवायचं, इतकं की बाटलीमागे धरलेलं छापील पान वाचता यावं. शेवटी २७ मिलि मिथेनॉलमध्ये ३ मिलि इंधन घालून हलवते. तळाला तेलाचा थेंब राहिला तर रूपांतर अर्धवट झालंय, घाणा पुन्हा लावायचा. ही चाचणी मिनिटभराची आहे आणि माझं इंजिन तिच्यावर टिकून आहे असं मी मानते.

आता गाडीचं.

बायोडिझेल हा चांगला विद्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीत आणि नळ्यांत साचलेली डिझेलची घाण ते सोडवून पुढे नेतं. हे मला माहीत होतं, तरी पहिल्यांदा चढावर गाडीचा जीव गेला तेव्हा मला पंपच गेला असं वाटलं. रेस पूर्ण दाबलेली आणि वेग उतरत चाललेला. दादांना फोन केला. ते म्हणाले, "पंपाला हात लावू नका, आधी फिल्टर उघडा." आत काळा गाळ. बदलला, एअर काढली, गाडी पूर्ववत. हे ९०० किलोमीटरवर झालं. पुढचा फिल्टर १,६०० वर भरला, तिसरा ३,५०० वर. त्यानंतर आता नेहमीच्या मुदतीवर बदलते. सुरुवात करणाऱ्याने गाडीत दोन फिल्टर आणि पाना ठेवावाच.

सहाव्या महिन्यात रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं इंधन टाकीत परत नेणाऱ्या, रबरी नळ्या घामेजल्यासारख्या ओल्या दिसू लागल्या. दाबल्या तर मऊ. जुनं नैसर्गिक किंवा नायट्राइल रबर बायोडिझेलमध्ये फुगतं. सगळ्या नळ्या आणि ओ-रिंगा व्हायटनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) घातल्या, त्यानंतर तक्रार नाही. तांबं आणि पितळही चालत नाही, त्यांच्या संगतीत इंधन लवकर खराब होतं. माझ्या साठवणीच्या ड्रमाला पितळी तोटी होती, ती काढून स्टेनलेस स्टीलची लावली.

चालवताना फरक कसा? आवाज मऊ झाला, हे गाडीत बसणारे न सांगता ओळखतात. चढावर दिसणारा काळा धूर जवळपास दिसेनासा झाला. बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो आणि गंधक जवळजवळ नसतंच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये अवजड इंजिनांवरच्या चाचण्या एकत्र केल्या, त्यात शुद्ध बायोडिझेलवर काजळीचे कण जवळपास निम्म्याने घटलेले आहेत. त्याच अहवालात नायट्रोजनचे ऑक्साइड सुमारे १० टक्के वाढलेले आहेत, आणि हेही सांगायला हवं. वास बदलतो, तळणाच्या तेलाचा असतो. मला त्याचा त्रास नाही.

मायलेज घटलं. डिझेलवर लिटरला १५.२ किलोमीटर मिळायचे, आता १४.१ मिळतात. लिटरमागे ऊर्जाच सात-आठ टक्के कमी असल्याने आकडा अपेक्षेप्रमाणेच आहे. पिकअपमधला फरक मला भरलेल्या गाडीत चढावर जाणवतो, एरवी नाही. पंपाच्या झिजेची काळजी मात्र सोडून दिली. गंधक काढलेल्या डिझेलचं वंगण कमी पडतं, आणि एक-दोन टक्के बायोडिझेलसुद्धा ते भरून काढतं.

थंडीने मात्र नमवलं. मिळेल ते तेल मी घेत होते, आणि एका घाण्यात बहुतेक पामतेल होतं. पामतेलाचं बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच गढुळतं, सोयाबीनचं शून्याजवळ, मोहरीवर्गातल्या रेपसीडचं त्याहून खाली. पहाटे पारा दहाच्या खाली गेला होता. सेल्फ फिरत राहिला, इंजिन धरेना. फिल्टरच्या काचेत मेणासारखे पांढरे कण. ऊन वर येईपर्यंत काही करता आलं नाही. तेव्हापासून प्रत्येक घाण्याची एक बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते, शेजारी थर्मामीटर. थंडीच्या महिन्यांत वीस टक्क्यांवर बायोडिझेल घालत नाही, आणि पामचा घाणा उन्हाळ्यासाठी राखून ठेवते.

साठवणीतही चूक झाली. एक कॅन पाच महिने पडून होता. उघडला तर रंगाच्या दुकानासारखा उग्र वास, आणि तळाशी चिकट थर. हवेतल्या ऑक्सिजनने इंधन आंबतं आणि गोंद धरतं. पाण्याचा अंश राहिला तर त्यात जंतूही वाढतात. आता जितकं दोन महिन्यांत जळेल तितकंच बनवते, कॅन काठोकाठ भरून, सावलीत.

इंजिन ऑइल मी निम्म्या मुदतीत बदलते. बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त तापमानाला उकळतं, त्यामुळे रिंगांशेजारून खाली उतरलेलं पुन्हा उडून जात नाही, ऑइलमध्येच राहतं. दर आठवड्याला डिपस्टिक बघते. पातळी घटली तर एक गोष्ट, पण वाढलेली दिसली तर ऑइल पातळ होतंय. बाराव्या महिन्यात नोझल पुन्हा काढले होते. टोकं स्वच्छ, फवारा चौघांचाही सारखा. दादा काही बोलले नाहीत, फक्त एक नोझल पुन्हा टेस्टरवर लावून मला टेस्टरच्या पंपाचा दांडा हातात दिला.

ताजं तेल यासाठी विकत घ्यावं का, असं विचारतात. मी घेत नाही. शेतात माणसांसाठी पिकलेलं किंवा जंगल तोडून लावलेल्या पामचं तेल गाडीत जाळायचं, हे मला पटत नाही. वापरून झालेलं तेल मात्र एरवी गटारातच जातं किंवा पुन्हा कढईत, आणि दोन्ही वाईट. जिथे इंधन स्वतः बनवायला परवाना किंवा कर लागतो, तिथे तो आधी बघा.

धाकट्या भावाची गाडी नवी आहे, कॉमन रेल आणि काजळीच्या फिल्टरची. तो महिनाभर मागे लागला होता, "ताई, एक कॅन दे ना." त्या फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन मधूनमधून जादा इंधन उशिरा फवारतं, बायोडिझेल असेल तर त्यातलं बरंच सिलिंडरच्या भिंतीवरून थेट ऑइलमध्ये जातं. वर त्या पंपाचा दाब हजार बारच्या पुढचा, साबणाचा किंवा पाण्याचा अंशही तिथे खपत नाही. युरोपात पंपावर मिळणाऱ्या नेहमीच्या डिझेलमध्ये (बी७) सात टक्क्यांपर्यंतच बायोडिझेल असतं, तेही प्रयोगशाळेत तपासलेलं. माझं २७ मिलि मिथेनॉलमध्ये तपासलेलं आहे. त्याला मी कॅन दिला नाही. पुढचा घाणा लावायला मदतीला ये म्हटलं, तर रविवारी हातमोजे घेऊन येतो म्हणालाय.