चोराला चकवा: काउरी, ओपनकॅनरी की आमिषाची फाइल?

शिरोली एमआयडीसीतली मध्यम फाउंड्री डोळ्यांपुढे धरा. वीस-पंचवीस कॉम्प्युटर, टॅलीचा सर्व्हर, गिऱ्हाइकांची कास्टिंगची ड्रॉइंग्ज आणि आयटी बघणारा माणूस एकच, तोही बहुतेक वेळ प्रिंटरपाशी अडकलेला. शेतातलं बुजगावणं पाखरं हाकलतं. इथं उलट पाखरू, म्हणजे नेटवर्कमध्ये शिरणारा चोर, येऊन बसावं म्हणूनच ते उभं करायचं. त्याचे तीन प्रकार बघू.

काउरी हा इंटरनेटकडे तोंड करून बसवला जाणारा हनीपॉट, म्हणजे चोराला भुलवायला मांडलेला खोटा सर्व्हर. एसएसएच, टेलनेट या दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयींचं खोटं दार दाखवतो आणि आलेल्यानं काय टाइप केलं ते टिपतो. बघायला लई मजा. पण येतात ते बहुतेक बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, जगभर दारं ठोठावत फिरणारे. तो लॉग रोज वाचणार कोण? इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबला हे शोभतं, भट्टीवाल्याला नाही.

ओपनकॅनरी हाही हनीपॉटच, पण आतल्या नेटवर्कवर बसतो; रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या, साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. त्याला 'बॅकअप' असं काही नाव द्या, एफटीपी (फाइली पाठवायची सोय) आणि आरडीपी (दुरून स्क्रीन चालवायची सोय) उघडे दाखवा. तिथं कुणाचंच काम नसतं, म्हणून लागलेला प्रत्येक हात संशयाचा. रॅन्समवेअरवाले, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आत शिरल्यावर आधी नेटवर्क चाचपतात, तेव्हाच घंटा वाजण्याची शक्यता असते. गोची एवढीच, की नेटवर्क स्कॅन करणारं आपलंच सॉफ्टवेअरही घंटा वाजवतं. त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आधी वगळा. आणि या रास्पबेरी पायचा पासवर्ड बाकी कुठंच वापरू नका, नाहीतर चोराला आयतं बिऱ्हाड.

तिसरी आमिषाची फाइल. कॅनरीटोकन ही उघडताच खबर देणारी फाइल बनवून देणारी सेवा; फुकट, पाच मिनिटांचं काम. 'पगार आणि बँक पासवर्ड' नावाची एक्सेल शेअर फोल्डरमध्ये टाकायची; कुणी उघडली की मेल येतो. युक्ती जुनीच आहे. 1986 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कॉम्प्युटर-वापराच्या हिशेबात 75 सेंटची तफावत निघाली, त्यावरून तिथला कॉम्प्युटर सांभाळणारा क्लिफर्ड स्टॉल घुसखोराच्या मागे लागला. पुढे खोट्या फाइलींचं आमिष दाखवून त्यानं त्याला फोनलाइनवर रेंगाळत ठेवलं. माग जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. मर्यादाही आहे: फाइल चोरून इंटरनेट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, किंवा रॅन्समवेअरनं न उघडताच कुलूपबंद केली, तर मेल येत नाही.

मी फाइल आजच टाकेन, ओपनकॅनरी पुढच्या महिन्यात. काउरी नकोच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवावी लागते. तेव्हा सुट्टीच्या रात्री स्वतःच ती एक्सेल उघडा आणि आयटीवाल्याचा मोबाइल वाजतो का बघा.