मेंदू, यंत्र की शिकण्याची रीत: शाळेचा वेळ आधी कशाला द्यावा?

शाळेच्या नव्या वर्षाचं नियोजन करताना मुख्याध्यापकांच्या टेबलावर हल्ली दोन प्रस्ताव हमखास असतात. एक ‘मेंदू-आधारित शिक्षणा’च्या कार्यशाळेचा. त्याच्या माहितीपत्रकावर रंगीत मेंदू छापलेला असतो. दुसरा टॅब, ॲप किंवा एआय शिक्षकाचा. तिसरा पर्यायही असतो, पण तो घेऊन कुणी दारात येत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फार थोडं आहे: माणूस कसा शिकतो आणि कसा विसरतो यावर गेल्या शे-सव्वाशे वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांच्या आधाराने वर्गातल्या तीन-चार सवयी बदलणं. त्याला अध्ययनशास्त्र म्हणू.

पैसा मर्यादित असतोच. त्याहून मर्यादित असतात शिक्षकांचे मोकळे तास. तेव्हा आधी कशाला हात घालायचा?

माझा कल लपवत नाही. सुरुवात तिसऱ्या पर्यायापासून करावी. तंत्रज्ञान त्यानंतर आणि अटी घालून. मेंदूसंशोधनावर कार्यशाळा मात्र घेऊ नये. त्यातले दोन-तीन निष्कर्ष उचलावेत आणि थेट वेळापत्रकात वापरावेत. असं का म्हणते, ते पुढे.

अध्ययनशास्त्र: स्वस्त, पण गिळायला कडू

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ केल्या, त्या किती वेगाने विसरतात ते मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रयोगाला माणूस एकच, तोही स्वतः. तरीही त्याचं मुख्य निरीक्षण टिकलं: विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं; आणि एका दमात घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त काळ पुरते.

दुसरा प्रयोग २००६ चा, रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा. शिक्षकांशी बोलताना मी सुरुवात याच्यापासूनच करते. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एका फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

गणितातही असंच दिसतं. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकाच प्रकारची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सराव करताना सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले जेमतेम ६०. आठवड्यानंतर सलगवाले २० टक्क्यांवर घसरले, मिसळवाले ६३ वर टिकले. कारण साधं आहे. सरावसंचावर ‘चक्रवाढ व्याज’ असं लिहिलेलं असलं की कोणतं सूत्र लावायचं हा प्रश्न मुलाला पडतच नाही, आणि परीक्षेत नेमका तोच पडतो. पुढे सातवीच्या ५४ वर्गांमध्ये महिनोन्‌महिने हा प्रयोग झाला. त्याचे निकाल २०२० मध्ये आले: महिन्याभराने पूर्वसूचना न देता घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव करणाऱ्यांना ६१ टक्के, सलग करणाऱ्यांना ३८. यंत्र लागलं नाही, नवं पुस्तकही नाही. फक्त गृहपाठातल्या उदाहरणांचा क्रम बदलला.

२०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून सराव करणं या दोनच पद्धतींना त्यांनी वरची श्रेणी दिली. पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने ओळी रंगवणं तळाशी गेलं. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभर हीच दोन कामं केली, मीही केली.

मग अडतं कुठे? अडतं ते वरच्याच आकड्यांत. चांगली रीत वापरताना वाईट वाटते. मुलं अडखळतात, सरावात गुण कमी पडतात, पालक विचारतात की आधी तर हिला सगळं येत होतं. पहिले दीड-दोन महिने शिक्षकाला पाठबळ मिळालं नाही, तर तो निमूटपणे जुन्या वाटेवर परततो. या पर्यायाचा खरा खर्च हाच, आणि तो अंदाजपत्रकात दिसत नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. न समजलेलं आठवायला लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. विषय अगदी नवा असताना मुलांना प्रश्नांत ढकलण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासायला देणं जास्त फळतं, हे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांच्या कामातून १९८० च्या दशकापासून दिसत आलं आहे. आधी समज, मग आठवण्याचा ताण.

मेंदूसंशोधन: चित्र मोहक, वर्गापर्यंतची वाट लांब

अमेरिकी अभ्यासक जॉन ब्रूअर यांनी १९९७ मध्येच इशारा दिला होता की चेतापेशींच्या पातळीवरच्या शोधांवरून वर्गात काय करावं हे थेट ठरवता येणार नाही. मध्ये मानसशास्त्राचा पूल लागतो. २०१६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेफ्री बॉवर्स त्याहून पुढे गेले: शिकवण्याची पद्धत चालते की नाही हे मुलाच्या वागण्यातून आणि उत्तरांतूनच ठरतं, मेंदूचं चित्र त्यात भर घालत नाही. अनेक मेंदूसंशोधकांना हे टोकाचं वाटलं. मला त्यातलं बरंचसं पटतं, सगळं नाही.

‘मेंदू’ शब्द जोडला की आपला विवेक थोडा सैल होतो, हेही तपासून झालं आहे. २००८ च्या एका प्रयोगात लोकांना काही स्पष्टीकरणं वाचायला दिली. त्यातली काही मुद्दाम लंगडी होती. त्यांत मेंदूविषयी एखादं असंबद्ध वाक्य घुसडलं की सामान्य वाचकांना तीच अधिक समाधानकारक वाटू लागली. मग २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांची पाहणी झाली. प्रत्येकाच्या ठरावीक शैलीत, म्हणजे पाहून, ऐकून किंवा हालचालीतून, शिकवलं तर तो चांगलं शिकतो, असं नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षक मानत होते. ही समजूत पडताळायची कशी आणि तिला पुरावा का नाही, हे पॅशलर आणि सहकाऱ्यांनी त्याआधी चार वर्षं लिहून ठेवलं होतं. मेंदूच्या नावाने चालणाऱ्या अनेक कार्यशाळांमध्ये मात्र ती आजही पहिल्या तासाला शिकवतात. माणसं डाव्या मेंदूची की उजव्या मेंदूची, ही तितकीच निराधार विभागणी दुसऱ्या तासाला.

मेंदूचे व्यायाम करवणारे खेळ वेगळे काढावेत. २०१६ मध्ये लुमॉसिटी हे अशा खेळांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीने फसव्या दाव्यांच्या आरोपाबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी यंत्रणेशी, २० लाख डॉलरची तडजोड केली. अशा खेळात माणूस तरबेज होतो तो मुख्यतः त्या खेळात. तो गुण वाचनात किंवा गणितात उतरेल असं धरून चालू नये.

पण म्हणून हे सगळं क्षेत्र मोडीत काढणं अन्यायाचं होईल. दोन ठिकाणी ते खरोखर उपयोगी पडतं.

एक म्हणजे झोप. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोपेची वेळ उशिरा येते. हा आळस नाही, जीवशास्त्र आहे. याच आधारावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये शिफारस केली की किशोरांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. सिॲटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला सुरू केल्या. मुलांची रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली. मुलं मिळालेला वेळ जागरणात घालवतील, ही भीती बऱ्याच अंशी खोटी ठरली.

दुसरं म्हणजे वाचन. वाचनासाठी मेंदूत जन्मजात खास जागा नसते. फ्रेंच मेंदूसंशोधक स्तानिस्लास दहाने यांच्या मांडणीनुसार वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेचाच एक भाग वाचायला शिकताना अक्षरांसाठी राबवला जातो. वस्तू ओळखताना उजवं-डावं उलटलं तरी बिघडत नाही; कप उलट्या बाजूने दिसला तरी कपच. अक्षरांत बिघडतं. म्हणून लहान मुलं सुरुवातीला अक्षरं आणि आकडे आरशातल्यासारखे काढतात, आणि ते नेहमीचंच आहे. देवनागरीत तर ३ आणि ६ ही जवळपास एकमेकांची आरशातली रूपं. छत्तीसचा आकडा हा वाक्प्रचार त्यातूनच आला. पहिलीतल्या मुलाने ३ चा ६ केला की लगेच वाचनदोषाचा शिक्का मारू नये, एवढी समज जरी या संशोधनातून शिक्षकांपर्यंत पोहोचली तरी बरीच रात्रीची काळजी वाचेल. खरा वाचनदोष बहुतेकदा आवाज आणि अक्षर यांची सांगड न बसण्याचा असतो. तो ओळखायला मेंदूचं स्कॅन लागत नाही, वाचनाच्या आणि ध्वनींच्या चाचण्या लागतात.

तंत्रज्ञान: आत काय भरलंय ते बघा

इथे पुरावा दोन्ही बाजूंनी भक्कम आहे, आणि गंमत त्यातच आहे.

पेरू देशाने दर मुलामागे एक लॅपटॉप या योजनेत ग्रामीण शाळांना लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये आलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषा या दोन्हींत फरक आढळला नाही. शाळांमधल्या संगणकांवर भरपूर खर्च करणाऱ्या देशांची वाचन, गणित किंवा विज्ञानात डोळ्यांत भरेल अशी प्रगती नाही, असं ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०१५ मध्ये नोंदवलं. नव्याचे नऊ दिवस, पुढे धूळ.

आता दुसरी बाजू. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांमध्ये माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर वापरलं गेलं. ते मूल कोणत्या इयत्तेत आहे हे न पाहता त्याला खरोखर किती येतं ते तपासतं आणि तिथून सुरुवात करतं. अनेक मुलं आपल्या इयत्तेच्या कित्येक वर्षं मागे होती. प्रवेश सोडतीने दिल्यामुळे तुलना प्रामाणिक होती. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची (मुलांच्या गुणांमधल्या फरकावर बेतलेलं माप) वाढ दिसली, जी शैक्षणिक प्रयोगांच्या मानाने मोठी आहे. एक बारकावा जाहिरातीत गळतो: रोजच्या नव्वद मिनिटांपैकी अर्धा वेळ माणूस लहान गटाला शिकवत होता.

म्हणजे पेरूत वस्तू दिली, दिल्लीत रीत दिली आणि वस्तू तिची वाहक झाली. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये केलेला आढावाही हेच सुचवतो: उदाहरणाच्या प्रत्येक पायरीवर दखल घेणाऱ्या संगणकीय शिकवणीचा परिणाम माणसाच्या वैयक्तिक शिकवणीच्या अगदी जवळ गेला, त्याच मापात ०.७६ विरुद्ध ०.७९.

एआयचंही वेगळं नाही. तुर्कस्तानात जवळपास हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. साधा चॅटबॉट हाताशी असलेल्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मग चॅटबॉट काढून घेतला आणि परीक्षा घेतली, तर ते इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट ज्यांना मिळाला, त्यांचा सराव १२७ टक्क्यांनी सुधारला आणि परीक्षेतलं नुकसान बहुतांशी टळलं. पण यंत्राशिवाय ते इतरांच्या पुढेही गेले नाहीत, हे विसरू नका.

मग निवडायचं कसं

शिक्षक टिकून असतील आणि महिन्यातून दोन तास एकत्र बसू शकत असतील, तर अध्ययनशास्त्र घ्या, तेही एका वेळी एकच सवय. तास सुरू होताना मागच्या आठवड्यावरचे आणि मागच्या महिन्यावरचे चार प्रश्न, वही मिटून, गुण न देता. एवढ्यावर एक सत्र काढा. गणिताच्या शिक्षकांनी मिसळीचा सराव पुढच्या सत्रात आणावा.

एकाच वर्गात पातळ्यांचा फरक प्रचंड असेल, शिक्षक एकटा असेल, तर तंत्रज्ञानाचा विचार आधी करायला हरकत नाही. फक्त विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: हे मुलाची पातळी शोधतं का, चूक झाली की पायरी दाखवतं की नुसतं उत्तर, आणि मोठी माणसं त्या वेळात काय करणार. तिसऱ्या प्रश्नावर उत्तर अडलं तर प्रस्ताव बाजूला ठेवा.

शाळा सकाळी फार लवकर भरत असेल आणि मुलं किशोरवयीन असतील, तर तिन्ही पर्याय बाजूला सारून आधी घंटेची वेळ बदलता येते का ते पाहा. बसच्या फेऱ्या आणि दुपारचं सत्र आडवं येईल. तरीही प्रयत्न करण्यासारखा आहे.

पालकाला एकाच मुलाचा निर्णय घ्यायचा असतो, त्यामुळे त्याचं काम सोपं. मेंदूचे खेळ सोडून द्या, ॲप वापरायचंच तर आठवायला लावणारं वापरा, आणि ‘वाचून झालं’ असं मूल म्हणालं की पुस्तक मिटून ‘सांग बघू’ म्हणा.

जे निवडाल ते आधी दोन तुकड्यांपैकी एकीत करून बघा. शक्यतो सारख्या पातळीच्या तुकड्या घ्या, आणि कोणती कुठे हे चिठ्ठी टाकून ठरवा. धडा संपल्यावर लगेच चाचणी घेऊ नका. त्या दिवशी सगळंच चांगलं दिसतं. पाच आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, दोन्ही तुकड्यांना एकच प्रश्नपत्रिका द्या आणि पेपर दुसऱ्याच शिक्षकाकडून तपासून घ्या.