टोमॅटोवरील टुटा अळी : जाळी, कामगंध सापळा की निंबोळी अर्क?

मूळची दक्षिण अमेरिकेतील टुटा ही एका लहान पतंगाची अळी 2006 मध्ये स्पेनमध्ये आणि 2014 मध्ये पुणे परिसरातील टोमॅटोवर आढळली. गच्चीतल्या कुंड्यांसाठी उपाय निवडण्यापूर्वी पान उजेडाकडे धरून पाहावे. वळणावळणाची पांढरी रेघ ही बहुधा नागअळी या पान पोखरणाऱ्या दुसऱ्या किडीची असते आणि जोमदार झाड ती सहज सोसते. मात्र पानाच्या दोन पापुद्र्यांमधील गर खाल्ल्याने पडलेला पसरट, पारदर्शक चट्टा व त्यात काळी विष्ठा दिसल्यास टुटा समजावी.

मादीच्या गंधाचे आमिष लावलेला कामगंध सापळा स्वस्त व बिनविषारी असला, तरी त्यात केवळ नर पतंग अडकतात. बाहेर मीलन होऊन आलेली मादी अंडी घालतेच. त्यामुळे मोठ्या शेतात उपयोगी पडणारा हा सापळा चार कुंड्यांच्या गच्चीत फार तर कीड आल्याची वर्दी देतो.

निंबोळी अर्काचे तसे नाही. पन्नास ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून फवारल्यास अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांवर परिणाम होतो, परंतु पानात शिरलेल्या अळीपर्यंत तो अर्क नीट पोहोचत नाही. शिवाय उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरत असल्याने फवारणी सायंकाळीच करावी लागते व ती वरचेवर करावी लागते. आठवडाभर गावी जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बारीक छिद्रांच्या कीटकरोधक जाळीला सुरुवातीचा खर्च अधिक, पण माझा कौल तिलाच आहे, कारण ती पतंगाला झाडापर्यंत येऊच देत नाही. टोमॅटोत स्वपरागीभवन होत असल्याने मधमाश्या अडल्या तरी बिघडत नाही. फुलोऱ्यात सकाळी झाडे हलकेच हलवावीत. अट एवढीच, की जाळी रोप लावतानाच बसवावी आणि आधी टोमॅटो, वांगी किंवा बटाटे घेतलेली माती पुन्हा वापरू नये. कोष मातीतही असतात, आणि मग जाळीच पतंगांना आत कोंडून ठेवते.

रासायनिक कीटकनाशकाचा विचार घरापुरता मी सोडून देईन, कारण फवारणीनंतर लेबलवर दिलेले दिवस थांबायचे असते आणि इथे तर रोज दोन-तीन फळे पिकत असतात. चट्टे पडलेली पाने मात्र कोणत्याही पद्धतीत खुडावीच लागतात. ती कंपोस्टमध्ये न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडक उन्हात ठेवावीत.